"आमची पुतणीपण काढते असले फोटो": रोखठोक यांना उत्तर

रोखठोक साहेब, बाहुल्या आणि खेळण्यातली घरं मांडून फोटो काढणारी अमेरिकन फोटोग्राफर लॉरी सिमन्स, तिच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुमची कॉमेंट वाचली. गप्प बसणार होते, पण राहवेना, आणि उत्तर कॉमेंटच्या चौकटीत मावेना म्हणून इथंच लिहिते. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: साहेब म्हणतात, "अहो ताई, आमची सातवीतली पुतणीपण भातुकली मांडून मोबाईलवर असले फोटो काढते, त्यात कसली आलीय कला?" मग म्हणे बाईनं चाळीस वर्षं तेच तेच केलं, न्यूयॉर्कच्या कलावाल्यांच्या गोतावळ्यातली म्हणून नाव झालं, आणि वर मला सल्ला, की सोलापुरात राहता तर सोलापूरवर लिहा.

आधी ते "अहो ताई". त्यात आदर किती आणि टोमणा किती हे कळायला काय शाळेत जावं लागत नाही ओ. नाही पटला लेख, तर नाही पटला म्हणा, हसणाऱ्या इमोजींची रांग कशाला? माझ्या ब्लॉगवर लोक भांडतात, पण असं खिदळून निघून जात नाहीत.

आता पुतणी. माझ्या वडिलांचा नवी पेठेत स्टुडिओ होता, मी डार्करूमच्या लाल दिव्यात वाढले, पुढं कित्येक वर्षं चादरी-टॉवेलवाल्यांच्या कॅटलॉगचे फोटो काढले. चादरीच्या विणीचा जवळून फोटो घ्यायचा तर कॅमेरा जेवढा पुढं न्याल तेवढी फोकसमध्ये राहणारी जागा कमी होत जाते, एका बाजूचा धागा शार्प आला की दुसऱ्या बाजूचा गेलाच. मग अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, बारीक करा, उजेड कमी पडतो म्हणून एक्स्पोजरचा वेळ वाढवा, ट्रायपॉड लावा, श्वास धरून बसा. एका गिऱ्हाईकानं हे सगळं समोर बसून बघितलं आणि बिल बघून म्हणाला, बटनच तर दाबलंय, आणि अर्धेच पैसे टेकवून गेला. तुमची कॉमेंट वाचताना मला तोच माणूस दिसला, राग त्याचा किती आणि तुमचा किती ते मी वेगळं करत बसत नाही.

तर हीच भानगड बाहुलीच्या घरात असते. वीतभरसुद्धा नसलेली बाहुली, तिच्या मागचं कपाट जरा धूसर झालं की बघणाऱ्याला कळतं, हे खेळणं आहे. सिमन्सनं १९७६ मध्ये बाहुलीघरातल्या एवढ्याशा सिंकचा, वॉलपेपरचा ब्लॅक अँड व्हाईट फोटो काढला तो असा, की माणसानं म्हणावं हे कुणाचंतरी खरं घर असणार. डार्करूमचं काम ती शिकली जिमी डिसाना या फोटोग्राफर मित्राकडून, दोघं एकाच जागेत राहत. मग १९७८-७९ मध्ये रंगीत फोटो आले: स्वयंपाकघरात एकटी बाई, फ्रिज उघडून उभी, आत मधोमध दूध. ती बाई प्लास्टिकची आहे हे दिसतंय आणि तरी तिच्या घरात आपण चोरून डोकावतोय असं वाटतं, हे एकाच वेळी साधायचं असतं. पोरं बाहुली खेळतात तेव्हा बाहुली म्हणजे ती स्वतःच असतात, इथं आपण त्या बाईच्या दारात परके उभे. पुतणी हुशार असेल हो, पण हे ठरवून करते का, एवढंच विचारा तिला.

एक मान्य करते. मोबाईलचा सेन्सर, म्हणजे आतला फोटो टिपणारा भाग, छोटा असल्यानं त्यात जवळची वस्तू नि मागचं दोन्ही बऱ्यापैकी शार्प येतं, तेव्हा तांत्रिक बाजूनं तुमच्या पुतणीचं काम सिमन्सपेक्षा सोपं आहे. घ्या, दिला तुम्हाला हा एक मुद्दा.

चाळीस वर्षं तेच? नाही. १९८७ पासून सिमन्सनं घराला, कॅमेऱ्याला माणसाचे पाय लावून उभं केलं, शब्दभ्रमकारांचे बाहुले टिपायला केंटकीतल्या व्हेंट हेवन म्युझियमपर्यंत गेली. आपल्याकडं रामदास पाध्यांचा अर्धवटराव बोलायला लागला की पाध्यांकडं कोण बघतं? तसल्या पुरुष बाहुल्यांच्या घोळक्यात तिनं १९९४ मध्ये स्वतःच्या चेहऱ्याची बाहुली बनवून बसवली. २००९ मध्ये जपानहून माणसाएवढी बाहुली मागवली, २०१५ मध्ये तर चक्क जिवंत मुलींच्या मिटलेल्या पापण्यांवर डोळे रंगवून फोटो काढले. हे सगळं लेखात आहे, पण लेख शेवटपर्यंत वाचायला लागतो. विषय घर आणि बाई हाच राहिला म्हणाल तर राहिला, विठ्ठलावर आयुष्यभर अभंग लिहिणाऱ्यांना आपण असं विचारत नाही.

गोतावळ्याचं काय बोलायचं. सिमन्सचा नवरा चित्रकार आहे, वडील डेंटिस्ट होते, पुढं?

आणि सोलापूर. यंत्रमागावर लिहिलं, गड्ड्याच्या जत्रेतल्या फोटो स्टुडिओंच्या रंगवलेल्या पडद्यांवर लिहिलं, तेव्हा साहेब तुम्ही कुठं होता? एक कॉमेंट नाही तुमची तिथं, जाऊन बघा.

पुतणीचे फोटो मात्र बघायला खरंच आवडतील. तिला सांगा फ्लॅश बंद ठेव, तो जवळून मारला की सावल्या फाकतात आणि खेळणं उघडं पडतं. खिडकीतलं ऊन भातुकलीवर तिरकं येऊ दे आणि मोबाईल खाली, बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीला धर. मेल आयडी ब्लॉगवर आहे, तिच्या आईला पाठवू द्या. तुम्ही मधे पडू नका.