'ब्रेड-बटर' अजून शाबूत आहे

नमस्कार. 'ब्रेड' वाचल्यावर 'बटर' हा शब्द लवकर ओळखला जातो, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही चांगलीच झोड उठवलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'बटर' हा रोजचाच शब्द, तो पटकन ओळखला जाणारच, 'ब्रेड' दिसल्यावर लोक पुढचा अंदाज बांधतात, आणि प्रायमिंग (आधी वाचलेल्या शब्दाचा नंतरच्या प्रतिसादावर नकळत होणारा परिणाम) हे प्रकरण केव्हाच खोटं ठरलंय.

पहिला मुद्दा लगेच निकालात निघतो. १९७१ साली मेयर आणि श्वानेवेल्ट या मानसशास्त्रज्ञांनी शब्द तेच ठेवून जोड्या फिरवल्या: इकडे 'ब्रेड-बटर', 'नर्स-डॉक्टर', तिकडे 'नर्स-बटर', 'ब्रेड-डॉक्टर'. दोन्ही खरे शब्द असतील, बनावट नसतील, तर लोकांनी 'हो' असं उत्तर द्यायचं. जुळत्या जोड्यांना सरासरी ८५५ मिलिसेकंद लागले, विजोड जोड्यांना ९४०. 'बटर' दोन्हीकडे तेवढंच रोजचं.

अंदाजाची शंका मात्र रास्त आहे, आणि ती मानसशास्त्रज्ञ जेम्स नीली यांनाही होती. १९७७ च्या त्यांच्या प्रयोगात लोकांना आधीच बजावलं होतं की 'शरीर' दिसलं की पुढे इमारतीचे भाग येतील. दार, खिडकी वगैरे. मग मधेच 'हृदय' टाकलं. दोन शब्दांमध्ये पाव सेकंदाचंच अंतर असताना 'हृदय' लवकर ओळखलं गेलं, 'दार' नाही. अंतर दोन सेकंदांवर नेलं तर चित्र उलटं: 'दार' पुढे, 'हृदय' मागे. म्हणजे अंदाज असतोच, पण त्याला वेळ लागतो. त्याआधी जे घडतं ते सूचनेला जुमानत नाही. मला तर हा प्रयोग मूळ प्रयोगाहून देखणा वाटतो.

आता 'खोटं ठरलं' याबद्दल. तुमचा रोख मानसशास्त्रज्ञ जॉन बार्ग यांच्या १९९६ च्या प्रयोगाकडे आहे: वार्धक्याशी निगडित शब्द वाचलेले विद्यार्थी हळू चालले म्हणे. २०१२ मध्ये ब्रसेल्समध्ये इन्फ्रारेड सेन्सर लावून मोजलं, तर काहीच फरक नाही! बार्ग यांच्या त्या निष्कर्षावर माझाही विश्वास नाही. पण शब्द वाचून चाल मंदावणं आणि शब्द वाचून शेजारचा शब्द लवकर ओळखणं, या दोन गोष्टी एकाच पोत्यात कशाला भरायच्या? अशाच शब्दजोड्यांवरच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी प्रकल्पात ७६८ लोक आणि १६६१ शब्द होते. तिथेही सरासरी फरक दिसलाच.

कच्चा दुवा वेगळाच आहे. ही सरासरी टिकते, पण एकेका जोडीचा आकडा भरवशाचा नसतो. लोकांचा दुसरा गट घेतला की तो हलतो. टीका करायचीच होती, तर तिथे जागा होती.