राष्ट्रीय स्मारक उभारायचंय? मग घाई नको

शाळा काढायचा विचार असेल, तर तो आधी डोक्यातून काढून टाका. फारच किरकोळ काम आहे ते. पुण्यात बुधवार पेठेत तात्यासाहेब भिड्यांनी वाड्यात जागा दिली, जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली, इनमीन सहा मुली आल्या, झालं. ना निविदा, ना समिती. कर्तबगारीच दाखवायची असेल, तर त्या शाळेचं राष्ट्रीय स्मारक करून दाखवा.

वाडा पावसाळे खातोय? खाऊ द्या. तळमजल्यावर दुकानं आहेत? चालू द्या. आपण फक्त ३ जानेवारीला फुटपाथवर जायचं, बाईंच्या फोटोला हार घालायचा, 'स्मारक झालंच पाहिजे' असं ओरडायचं आणि समोर दगडूशेठला हात जोडून घरी यायचं. पुढच्या वर्षी फोटो तोच, घोषणा तीच. हार मात्र ताजा घ्या, लोक बघतात.

मग कोर्ट. यात एक तप सहज निघून जातं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, महिन्याभरात जागा रिकामी करा. आता मात्र चपळाई हवी! डिसेंबरातली एक रात्र गाठा, पोलीस बंदोबस्त लावा, जेसीबी आणा. उजाडेपर्यंत वाडा भुईसपाट. जपण्याजोगं फारसं काही उरलंच नव्हतं, असं कोणी सांगितलं तर मान डोलवा. खरंच आहे ते. तसं ते उरू नये म्हणून आपणच इतकी वर्षं थांबलो होतो, तेव्हा श्रेय सोडू नका.

भूमिपूजनाला मोठा पाहुणा हवाच. सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान येणार होते. मुसळधार पावसामुळे दौरा रद्द झाला आणि तीन दिवसांनी मेट्रोच्या कार्यक्रमासोबत हेही दिल्लीहून, पडद्यावरूनच उरकलं. अंगावर शेणमाती झेलत, जास्तीचं लुगडं सोबत बाळगून शाळेत जाणाऱ्या बाईंना पावसाचं हे कारण कसं समजावून सांगायचं, ते मात्र तुमचं तुम्ही बघा.

आता आराखड्यावर मत द्यायला विसरू नका. पुतळा किती फुटी, दिवे कोणत्या रंगाचे, यावर जोरात बोला. आणि बैठकीत कोणी मागच्या बाकावरून विचारलंच, की इथे मुलींसाठी एखादा वर्ग का भरवू नये, तर त्याला थंडपणे विचारा, "आणि पार्किंग कुठे करायचं?"