ओळखी वाढवणं म्हणजे अभ्यास चुकवणं नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. परदेशी शिकणाऱ्यांना ‘ओळखी वाढवा’ असं सांगणं म्हणजे कच्च्या विद्यार्थ्यांना पळवाट दाखवणं, गुण असले की बाकीचं आपोआप जुळतं, असा तुमचा आक्षेप आहे.

जर्मनीत तुमचं म्हणणं बरंचसं लागू पडतं. तिथे बहुतेक ठिकाणी एका पेपरला तीनच संधी असतात. सक्तीच्या पेपरात तिसऱ्यांदा नापास झालात, की तो अभ्यासक्रम सोडावा लागतो आणि देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही तोच विषय सहसा घेता येत नाही. तिथे आधी पेपर, मग बाकी सगळं.

अमेरिकेत मात्र पीएचडीच्या अर्जाला बहुधा तीन शिफारसपत्रं लागतात. दोनशे जणांच्या वर्गात कधी तोंडही न उघडलेल्या मुलाबद्दल प्राध्यापक गुणांपलीकडे काय लिहिणार? आणि गुण तर गुणपत्रिकेत असतातच. म्हणून सत्राच्या सुरुवातीपासून ऑफिस अवर्सना, म्हणजे प्राध्यापक विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी राखून ठेवतात त्या वेळेत, जावं. आपण सोडवून पाहिलेलं गणित सोबत न्यावं, नेमकं कुठे अडलं ते दाखवावं, दहा मिनिटांत उठावं, आणि पुढच्या खेपेला त्या सल्ल्याचं काय केलं ते सांगावं. परीक्षेच्या आठवड्यात गेलात तर दाराशी रांग असते आणि ‘हे परीक्षेत येईल का?’ यापुढे बोलणं जात नाही. पत्र किमान महिनाभर आधी मागावं, सोबत त्यांनीच तपासलेला आपला निबंध द्यावा. आता सांगा, यात अभ्यास कुठे संपला आणि ओळख कुठे सुरू झाली?

रोज रात्री त्याच पाच मित्रांत बसणं याला मीही ओळखी वाढवणं म्हणत नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेतल्या नोकरदारांचा केलेला अभ्यास १९७० च्या दशकात प्रसिद्ध झाला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांनाच ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. जवळच्या मित्रांना बहुतेक तेच ठाऊक असतं जे आपल्याला असतं.

या सगळ्याला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्नही रास्त आहे. अमेरिकेत १५ क्रेडिट म्हणजे साधारण आठवड्याला वर्गातले १५ तास; त्यातल्या एका तासामागे बाहेरचे दोन धरले, तर एकूण ४५ तास. अभ्यासगट त्या ४५ तासांतच बसवायचा : तीन-चार जण, आधी प्रत्येकाने एकट्याने सोडवायचं, मग उत्तरं ताडायची. हा क्रम उलटला की एक सोडवतो आणि बाकीचे उतरवतात. मग कॉपीची चौकशी सगळ्यांच्याच मागे लागते. किती सहकार्य चालतं, हे सहसा प्रत्येक विषयाच्या सिलॅबसमध्ये, म्हणजे प्राध्यापक सत्राच्या सुरुवातीला देतात त्या माहितीपत्रकात, लिहिलेलं असतं. ते पहिल्याच आठवड्यात वाचावं.