बांगलादेशची तार आणि मोहोळची मोटर

नमस्कार. सीमेपलीकडे जाणाऱ्या वीजवाहिन्यांवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. "आम्ही मोहोळकडं उसाला पाणी द्यायला रात्री दोनला उठायचं आणि तुम्ही बांगलादेशला वीज द्यायचं कौतुक करायचं? उद्या त्यांचं ग्रीड पडलं की आपलंही पडेल," असं तुम्ही लिहिलंय. विंचूकाट्यातून मोटर चालू करायला जाणाऱ्याने रागावू नये, असं मी म्हणणार नाही.

आधी ग्रीडचं, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या वीजवाहिन्यांच्या जाळ्याचं बोलू, कारण त्याचं उत्तर आपल्याच सोलापूर जिल्ह्यातून जातं. रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी 31 डिसेंबर 2013 ला सुरू झाली, तेव्हा कुठे दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या देशाशी एका फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे एकाच ठेक्यावर आलं. त्याआधी चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीसारख्या केंद्रांत एसी (दिशा बदलत वाहणाऱ्या) विजेची डीसी (एकाच दिशेने वाहणारी) करायची, डीसीची पुन्हा एसी करायची आणि मग पलीकडे सोडायची, असा कारभार होता. म्हणूनच जुलै 2012 मध्ये उत्तर भारत अंधारात गेला तरी दक्षिणेतले दिवे चालू राहिले. बांगलादेशच्या ग्रीडशी आपली मुख्य जोडणी याच पद्धतीची आहे. बांगलादेशातल्या भेरामारा इथलं केंद्र 2013 मध्ये 500 मेगावॅटने सुरू झालं, पुढे 1000 झालं. किती वीज सोडायची ते तिथे ठरवता येतं, आणि पलीकडचे हेलकावे इकडे येत नाहीत. 1 नोव्हेंबर 2014 ला तेच केंद्र ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं, आणि सगळा बांगलादेश अंधारात गेला. आपलं ग्रीड चालूच होतं. घाबरायचंच तर घेणाऱ्याने घाबरावं!

नेपाळची गोष्ट निराळी. ढल्केबर-मुझफ्फरपूर वाहिनी सरळ एसीची आहे, त्यामुळे तिथे तुमची शंका अगदीच निराधार नाही. पण आकार बघा. मे 2024 मध्ये भारताची मागणी अडीच लाख मेगावॅटपर्यंत गेली होती. त्यापुढे नेपाळचा झटका किती बसणार?

याच हिशेबाने भेरामाऱ्याचे हजार मेगावॅट म्हणजे हजारात चार. ते थांबवले म्हणून तुमची रात्रपाळी सुटणार नाही. सगळ्या मोटारी एकदम चालू झाल्या तर भार पेलत नाही, म्हणून शेतीच्या फीडरना (सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाइनींना) पाळ्या लावलेल्या असतात. त्यावरचा उपाय गावाजवळच्या सबस्टेशनला जोडलेली सौर वीज आणि धड डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर), हाच. ढाक्याची तार तोडून तो होत नाही.

तुम्ही वेगळ्या जागी बोट ठेवलं असतं तर मी खरा अडचणीत आलो असतो. पावसाळ्यात नेपाळच्या नद्या भरून वाहतात, तेव्हा त्यांची जादा वीज आपल्याकडे येते. हिवाळ्यात पाणी घटलं की ते आपल्याकडून घेतात, आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडे रब्बी उभी असते. दुपारी सौर वीज भरपूर असते, तेव्हा खुशाल द्यावी. हिवाळ्यातल्या संध्याकाळी किती द्यायची, हे मात्र करार करतानाच रब्बीचा भार धरून ठरवायला हवं. या मागणीवर माझी सही तुमच्या आधी होईल.