‘पाणी जास्त गेलं तरी टेन्शन नको’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. तिघं आपल्याच धंद्यातले, सोफा-कार्पेट क्लीनिंग करणारे. चौथा माझा मेहुणा, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. मथळा असा: ‘क्लीनिंगवाल्यांनो, पाणी जास्त गेलं तरी टेन्शन नको!’ खाली पाच मुद्दे. भरपूर पाणी मारा, तेवढी सफाई चांगली. कार्पेट ओलं राहिलं तर पंखे लावून खिडक्या उघडा, सकाळपर्यंत सुकतं. रंग सुटला तर तो कार्पेट बनवणाऱ्याचा दोष. लाकडी फ्लोअरिंगवर सांडलं तर लगेच पुसा, काही होत नाही. आणि बिलावर ‘नुकसानीस आम्ही जबाबदार नाही’ एवढी ओळ छापून घ्या, मग कोणी वाकडं करू शकत नाही.

पुण्यात चौदा वर्षं हेच काम करतोय. यातल्या जवळजवळ प्रत्येक मुद्द्याचे पैसे मी कधी ना कधी खिशातून भरलेत, म्हणून लिहितोय.

भरपूर पाण्याचं आधी बघू. घाण सुटते ती शाम्पू, ब्रश आणि शाम्पूला दिलेल्या दहा मिनिटांनी. पाणी ती फक्त वाहून आणतं, आणि तेही मशीनने (व्हॅक्यूमने) परत ओढलं तरच. पाणी लोकरीतून खाली पाठीपर्यंत आणि तिथून अंडरलेमध्ये (कार्पेटखालच्या मऊ थरात) उतरलं की वरून वाँड (मशीनच्या पाइपाचं ओढणारं तोंड) कितीही फिरवा, ते येत नाही. वॉल-टू-वॉल कार्पेटच्या दोन थरांमधला लॅटेक्सचा गोंद सुटतो आणि मध्येच फुगे येतात. पाठ तागाची असेल तर वेगळंच दुखणं: सुकताना ओल वर चढते आणि तागातला तपकिरी रंग सोबत घेऊन येते. काल स्वच्छ दिसणाऱ्या गालिच्यावर आज चहा सांडल्यासारखा डाग. वहिनींचा फोन येतो, “दादा, तुम्ही धुतलंत आणि हे काय झालं?” आता त्यांना तागाचं रसायन काय सांगणार?

आमच्याकडे नियम साधा आहे. पाणी मारत एक हात, मग पाणी बंद ठेवून नुसते ओढायचे दोन-तीन हात. शेवटी पांढरा नॅपकिन ठेवून त्यावर टाचेने उभं राहायचं. नॅपकिन चिंब झाला तर परत ओढा. शाम्पूही जास्त नको. टँकमधला फ्लोट (टँक भरला की ओढणं थांबवणारा तरंगता गोळा) पाणी ओळखतो, फेस ओळखत नाही. डिफोमर (फेस मारणारं औषध) टाकायला विसरलात तर फेस मोटरीत शिरतो आणि मशीन मागच्या तोंडाने गढूळ फेस गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या भिंतीवर थुंकतं. बघितलंय.

पंख्याचा सल्ला सगळ्यात जास्त लोक मानतात, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. मेमध्ये पुण्यात तो चालून जाईल. जुलैत नाही, आणि ठाणे-मुंबई-कोकणात तर नाहीच. पंखा हवा फिरवतो, खोलीतली ओल बाहेर काढत नाही. पावसाळ्यात खिडकी उघडली की बाहेरची दमट हवा आत येते. म्हणजे ओल्या टॉवेलने अंग पुसण्यातला प्रकार. अशा वेळी खिडक्या बंद करा, एसी ड्राय मोडवर टाका किंवा भाड्याने डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं मशीन) आणा, आणि टेबलफॅन जमिनीवर ठेवून वारा कार्पेटला घासून जाईल असा लावा. छताचा पंखा पुरत नाही. पण या सगळ्याच्या आधी मशीनने ओढा. मशीन जे पाणी पाच मिनिटांत ओढतं, ते हवेवर सुकायला अख्खी रात्र जाते. आणि आपल्याकडे रात्र फुकट नसते, कारण ओल राहिली तर २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते. कुबट वास येतो तोवर उशीर झालेला असतो.

‘हाताला कोरडं लागतंय’ हा पुरावा नव्हे. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात ठेवते आणि वरून कोरडी लागते. कोपरा उचलून पाठीला हात लावून बघा. तोवर सोफा जागेवर सरकवायचा नाही. सरकवावाच लागला तर पायांखाली फॉइलचे चौकोन घाला, नाहीतर सागवानी पायाचं पॉलिश किंवा लोखंडी पायाचा गंज कार्पेटवर उतरतो. गच्चीवर कडक उन्हात टाकायची हौसही नको: रंग विटतो, लॅटेक्स कडक होऊन तडकतो.

रंगाचा मुद्दा अर्धा खरा आहे. कच्चा रंग असतोच, विशेषतः लाल आणि गडद निळा. पण तो कच्चा आहे हे काम सुरू करण्याआधी आपल्याला कळायला हवं. पांढरं फडकं आपल्याच शाम्पूच्या पाण्यात भिजवून कोपऱ्यातल्या प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर काम थांबवा, फडकं गिऱ्हाइकाला दाखवा. ‘सिल्क’ म्हणून विकलेला गालिचा बऱ्याचदा व्हिस्कोस (नकली रेशीम) निघतो. ते भिजलं की कमकुवत होतं आणि पिवळटही पडतं. झालरीतला एक धागा गिऱ्हाइकाला विचारून जाळून बघा: केस जळल्याचा वास आला तर रेशीम, कागद जळल्याचा आला तर व्हिस्कोस. चाचणी न करता धुतलं आणि रंग पसरला तर दोष बनवणाऱ्याचा नाही, तुमचा. पसरलाच तर चोळू नका, ताबडतोब ओढा आणि गालिचा सपाटच ठेवा. गॅलरीच्या कठड्यावर टाकला की लाल रंग ओघळत पांढऱ्या किनारीत उतरतो.

आता लाकडी फ्लोअरिंग. कोथरूडमध्ये चौथ्या मजल्यावर काम होतं. बाथरूममध्ये पाइप लावून बादली भरायला ठेवली, मला फोन आला, मी गॅलरीत गेलो. परत आलो तेव्हा पाणी उंबरठा ओलांडून पॅसेजच्या लॅमिनेटवर आलं होतं. दोन मिनिटांत पुसलं, वायपर मारला, वरून कोरडं ठणठणीत. मेसेज लिहिणारा इथेच थांबला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन हात फिरवला तर फळ्यांचे सांधे बोटाला लागत होते, वहीचं पान भिजून सुकल्यावर कडेला उठतं तसे. लॅमिनेटच्या पोटात दाबलेला लाकडाचा भुगा असतो. पाणी सांध्यातून आत गेलं की तो फुगतो आणि सुकल्यावर पूर्ववत होत नाही. अकरा फळ्या बदलून दिल्या. खऱ्या लाकडाची फरशी असेल तर निदान थोडी आशा असते, पण ती वाकलेली असताना घासायची घाई करू नका. आतली ओल जाऊ द्या, नाहीतर सपाट केलेली फळी सुकल्यावर मधोमध उंच दिसते.

तेव्हापासून पाइप लावून नळ सोडला की माणूस तिथून हलत नाही. फोन वाजला तर आधी नळ बंद.

सांडल्यावर काय करायचं हे तर त्या मेसेजमध्ये नाहीच. पाणी एक्स्टेंशन बोर्डापर्यंत किंवा ऑफिसातल्या जमिनीतल्या सॉकेटपर्यंत गेलं असेल तर ओल्यात पाय ठेवण्याआधी एमसीबी पाडा. मग नळ, मग ओढणं. स्कर्टिंगच्या कडा बघा. खालच्या फ्लॅटची बेल वाजवा. त्यांच्या पीओपीवर डाग उमटायला तास-दोन तास लागू शकतात, आणि तो डाग त्यांना तुमच्या आधी दिसता कामा नये. फोटो काढा. सांडलेलं पाणी रिकव्हरी टँकमधलं (मशीनने ओढलेलं घाण पाणी) असेल तर नुसतं सुकवून भागत नाही, ती जागा पुन्हा धुवावी लागते.

राहिली बिलावरची ओळ. निष्काळजीपणाने झालेलं नुकसान ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतली त्रुटी ठरतं. गिऱ्हाईक दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या कामाला तिथे फीसुद्धा नाही. आणि छापील ओळीचं म्हणाल, तर साठच्या दशकात मद्रास उच्च न्यायालयापुढे एका लाँड्रीचं प्रकरण गेलं होतं. नवी साडी हरवली होती आणि पावतीच्या मागे छापलं होतं की भरपाई किमतीच्या १५ टक्केच मिळेल. कोर्टाने ती अट मानली नाही. ज्याने निदान १५ टक्के देऊ केले त्याचं हे झालं, तर ‘अजिबात जबाबदार नाही’वाल्याचं काय होईल?

त्यापेक्षा लायबिलिटीचा (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) विमा काढा, पण पॉलिसी वाचून. ज्या वस्तूवर काम चाललंय तिचं नुकसान बऱ्याच पॉलिसींत वगळलेलं असतं; म्हणजे फरशीचे पैसे मिळतील, गालिच्याचे नाही. एजंटला हा प्रश्न तोंडावर विचारा.

कोथरूडच्या त्या काकांना मी त्याच मिनिटाला सांगितलं होतं की चूक माझी. ते अजून दर दिवाळीआधी बोलावतात. फक्त आम्ही बादली भरायला लावली, की ते पेपर घेऊन बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून बसतात.