छोले काळे म्हणजे केमिकल? नाही हो

गेले काही दिवस ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, की दिल्लीवाले छोले भटुरे खाऊ नका, त्या छोल्यांचा काळपट रंग केमिकलचा असतो. अहो, पिंडी छोले (रावळपिंडी पद्धतीचे गडद छोले) असेच असतात! काबुली चणे रात्रभर भिजवायचे आणि कुकरला लावताना मलमलच्या फडक्यात चहापत्ती, सुका आवळा बांधून ती पुरचुंडी आत सोडायची, शिजल्यावर काढून टाकायची, झालं, चण्यांना तपकिरी रंग येतो. त्यात लोखंडी कढई असेल तर अजून काळे, कारण चहा-आवळ्यातलं टॅनिन (तुरट चवीचं द्रव्य) आणि लोखंड एकत्र आलं की काळपटपणा येतोच. वर भाजलेलं जिरं आणि अनारदाणा पण गडद करतात. आता कुठलाच गाडीवाला रंग घालत नसेल असं मी म्हणत नाही, पण नुसते काळे दिसले म्हणून केमिकल ठरवणं हे जरा जास्तच झालं.

त्याच मेसेजमध्ये भटुरा फुगला म्हणजे सोडा जास्त असंही लिहिलंय. तो फुगतो मुख्यतः वाफेने, तेल कडकडीत तापलेलं हवं, दह्यात मळलेला मैदा थोडा आंबवलेला हवा, बास. बाकी तेलकट असतो हे खरंय, त्यावर वाद नाही.