स्पेन १५८८ मध्ये संपलं नाही

‘१५८८ मध्ये राणी एलिझाबेथच्या चाच्यांनी स्पेनचं अजिंक्य आरमार बुडवलं आणि त्याच दिवशी स्पेनची समुद्रावरची सत्ता संपली,’ असा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. तो वाचून वाईट वाटतं, कारण खरी हकीकत याहून कितीतरी रंजक आहे.

आधी बुडवण्याचं. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅले बंदरासमोर इंग्रजांनी रात्री आठ जळती जहाजं सोडली. स्पॅनिश कप्तानांनी नांगरांचे दोर तोडले, रचना विस्कटली आणि सकाळी ग्रॅव्हलिन्सपाशी इंग्रजी तोफांनी त्यांना झोडपलं. नेदरलँड्समधला स्पॅनिश सेनापती, पार्माचा ड्यूक, याचं सैन्य इंग्लंडात उतरवण्याचा बेत तिथेच फसला. ते श्रेय इंग्रज खलाशांचंच. पण लढाईत गमावलेली स्पॅनिश जहाजं मोजकीच. सुमारे १३० जहाजांच्या ताफ्याची मोठी हानी झाली ती स्कॉटलंडला वळसा घालून परतताना, वादळात, आयर्लंडच्या खडकांवर.

दुसरं, चाचे. ताफ्याचा प्रमुख हॉवर्ड हा राज्याचा नौसेनाध्यक्ष होता, स्पॅनिश जहाजं लुटण्यासाठी गाजलेला कप्तान ड्रेक त्याच्या हाताखाली. खासगी जहाजं सोबत होती, पण झुंजीचा मुख्य भार राणीच्या युद्धनौकांवर होता. शिवाय १५८५ मध्ये स्पेनने इंग्रजी जहाजं जप्त केल्यावर इंग्लंडात स्पॅनिश जहाजं लुटण्याचे रीतसर परवाने निघाले होते. लुटीचा दहावा हिस्सा खुद्द नौसेनाध्यक्षाला जाई. परवाना असलेल्याला सरसकट चाचा म्हणणं चूक आहे.

आणि ‘सत्ता संपली’? हा तर सर्वांत चुकीचा भाग. मोडकी स्पॅनिश जहाजं स्पेनच्या सांतांदेर बंदरात दुरुस्तीला असताना, १५८९ मध्ये ड्रेक आणि इंग्रज सेनानी नॉरिस ती जाळायला निघाले. तिकडे गेलेच नाहीत. कोरुन्ना आणि लिस्बनला जाऊन हात हलवत परतले. १५९१ मध्ये अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांपाशी स्पॅनिशांनी ‘रिव्हेंज’ ही इंग्रजी युद्धनौका जिंकली. १५९५-९६ च्या कॅरिबियन मोहिमेत इंग्रज कप्तान हॉकिन्स आणि ड्रेक दोघेही मेले, खजिना मिळालाच नाही. अमेरिकेतली चांदी सेव्हिलला येतच राहिली. १५९६ आणि १५९७ मध्ये स्पेनने पुन्हा आरमारं पाठवली; ती वादळांनी परतवली. इंग्लंड-स्पेन तह झाला तो १६०४ मध्ये.

परवानेवाल्यांनी खरा लचका तोडला तो व्यापाराचा. १५९२ मध्ये हिंदुस्थानातून मसाले घेऊन परतणारं ‘माद्रे दे देउस’ हे अवाढव्य पोर्तुगीज जहाज त्यांनी अझोर्सपाशी पकडलं. पोर्तुगाल तेव्हा स्पेनच्याच राजाकडे होतं. पूर्वेच्या व्यापारात केवढी संपत्ती आहे, हे लंडनच्या व्यापाऱ्यांना त्या मालातून दिसलं. १६०१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला ताफा निघाला, तेव्हा त्याचं मुख्य जहाज ‘रेड ड्रॅगन’ हे कंबरलँडचा अर्ल या इंग्रज उमरावाने स्पॅनिशांना लुटण्यासाठी बांधून घेतलेलं होतं.